दुसऱ्यांदा येणारं माणूस

एकाच घरात दोन दुकानं निघाली आणि त्यातलं एकच चाललं, की किस्से आपोआप साठत जातात. आमच्या पेणच्या घरात पुढच्या खोलीत माझं दुकान आहे आणि मागच्या पडवीत वहिनीचं. वहिनीचं पोह्याच्या पापडांचं. माझं जगण्याच्या अर्थाचं. मैत्रिणींना फोनवर हे किस्से सांगते तेव्हा त्या हसून हसून लोळतात आणि शेवटी प्रत्येक जण एकच म्हणते, "तुझ्या वहिनीला एकदा भेटायचंय गं." म्हणजे तिथेही तीच!

हैदराबादहून तत्त्वज्ञानात एम. ए. करून परतताना माझ्या डोक्यात एक चित्र होतं. दोन वर्षं मी निराशावादावर प्रबंध लिहिला होता. जगात दुःखच जास्त, सुख म्हणजे दोन दुःखांमधली छोटी सुट्टी, त्यापेक्षा जन्मालाच न आलेलं बरं, असं म्हणणारे मोठमोठे विचारवंत मी पचवले होते आणि त्या सगळ्यांतून पार होऊन एका ठिकाणी पोचले होते: हे सगळं खरं धरलं तरी माणसाला आपला अर्थ आपण घडवता येतो. हे माझ्या गावाला कळायलाच हवं होतं. मला वाटायचं, डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून सुटलेली मुलं हेल्मेट हातात घेऊन माझ्या दारात उभी राहतील आणि विचारतील, "ताई, हे सगळं कशासाठी?"

शिफ्ट संपली की मुलं झोपतात. माझा दादाही त्याच कंपनीत आहे, तोही झोपतो. आणि निराशावादी माणूस बघायला मला हैदराबादपर्यंत जायची काही गरज नव्हती. दादाने तो लग्न करून घरातच आणून ठेवला होता.

सुगंधा वहिनी धरमतर खाडीकडच्या गावातली. कुठल्याही गोष्टीचं वाईटात वाईट काय होईल ते ती आधी सांगून टाकते. दादाने नवी बाइक आणली तेव्हा हार घालायच्या आधी म्हणाली, "चोरीला जाणार ही." आणि तेव्हापासून रोज सकाळी ती बाइक तीच पुसते.

माझ्या सरांनी पीएच.डी.ची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. पावसाच्या आधी कळव म्हणाले होते. पापडाचा सीझनही पावसाआधी संपतो. म्हणून मी स्वतःलाच एक अट घातली: सीझन संपेपर्यंत माझ्या रविवारच्या सभेला एक तरी माणूस दुसऱ्यांदा आलं पाहिजे. पहिल्यांदा कोणीही येतं. दुसऱ्यांदा आलं, तर मी पेणमध्ये राहणार. नाही आलं, तर हैदराबाद.

* * *

पहिल्या रविवारी दारावर बोर्ड लावला: 'जगण्याचा अर्थ काय? मुक्त चर्चा. चहा मिळेल.' पाच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. एकीवर दादा बसला, तो बसल्या बसल्या झोपला. बाकीच्या रिकाम्या होत्या. त्या बऱ्या दिसेनात म्हणून दादाने झोपायच्या आधी वहिनीला हाक मारून एकीवर बसवली होती. ती पदराला हात पुसत आली, अगदी कडेला टेकली.

मी सुरुवातच जोरदार केली. म्हटलं, जो जन्मालाच आला नाही त्याला कसलीच उणीव नसते. त्याला भूक नाही, दुखणं नाही. मग एखाद्याला जगात आणणं हे त्याच्यावर उपकार की अन्याय?

वहिनी हात पुसायची थांबली. मग तिने विचारलं, "म्हणजे न आलेलंच बरं, असं लिवलंय पुस्तकात?"

"हो, तसं एक मत आहे. पण त्याला उत्तर…"

"बरं," असं म्हणून ती उठली. आत कुकरची शिट्टी झाली होती. उत्तर ऐकायला ती थांबली नाही. दहा मिनिटं बसली असेल, त्यामुळे मी तिला हजेरीत धरलंच नाही.

* * *

दुसऱ्या रविवारी खरा श्रोता आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर बॅग. इतकं लक्ष देऊन मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं. मी बोलत गेले. सगळं व्यर्थ आहे हे आधी मान्य करा, म्हटलं, तिथूनच नवी सुरुवात होते. तो मान डोलवत होता. तुमचं आयुष्य बदलणं फक्त तुमच्या हातात आहे, म्हटलं. तो खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं, मिळाला! हा पुढच्या रविवारी येणार!

तासाभराने मी थांबले, त्याला चहा दिला. त्याने दार नीट लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, सगळं पटलं. आता सांगा, प्रॉडक्ट काय आहे?"

प्रॉडक्ट नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली. जाताना त्याने बॅगेतून स्वतःच्या कंपनीच्या प्रोटीन पावडरचं पत्रक काढून मला दिलं.

* * *

आता वहिनीच्या दुकानाचं बघा. पडवीत ती आणि दोन बायका असतात: म्हाताऱ्या पारूमावशी आणि निर्मला. त्या लाटतात. उखळात पीठ कुटायचं काम मात्र वहिनीचंच. मुसळाला ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, कारण दुसऱ्याने कुटलं तर पापड भाजल्यावर फुलणार नाहीत, ही तिची खात्री. पीठ कुटून झालं की बोटभर लाटी तोडायची, तेलात बुडवायची आणि आल्यागेल्याच्या हातावर ठेवायची. आल्यागेल्यांची तिथे रीघ असते.

बारावीच्या निकालाआधी शेजारच्या आळीतल्या मीनलची आई आली. दार माझ्याकडचं, त्यामुळे आधी ती माझ्या तावडीत सापडली. मी तिला बसवलं आणि समजावलं की माणसाचं मोल मार्कांत नसतं, मीनलला स्वतःचा अर्थ शोधू द्या. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "अगदी बरोबर आहे तुझं. वहिनी आहे का आत?"

मी मधल्या दारातून कान देऊन ऐकत राहिले.

"नापास होणार," वहिनी म्हणाली.

"अगं बाई. मग?"

"मग ऑक्टोबरला बसेल. तवा पण नापास."

"मग?"

"मग इकडं येईल पापड लाटाया. लाटता येतात तिला?"

"कसले येतात! पोळी गोल येत नाही कार्टीची."

"मग इथून पण काढून टाकू."

मीनलची आई पदर तोंडाला लावून हसत होती. लाटी खाल्ली, अजून एक मागून घेतली आणि कपाळावरच्या आठ्या पडवीतच ठेवून गेली. मीनल पुढे चांगल्या मार्कांनी पास झाली. पहिला पेढा वहिनीला. वहिनीने तो तोंडात टाकला आणि म्हणाली, "खरं कठीण आता पुढं हाय." सगळ्या हसल्या. माझ्या वाट्याला अर्धा पेढा आला, तोही दादाने उरवलेला.

* * *

मग मी ठरवलं, घरात बसून उपयोग नाही. वहिनीच्या माहेरच्या लोकांचं खाडीकाठी मिठागर होतं. दर पावसाळ्यात सगळं विरघळून जातं, बांध फुटतात, आणि पावसानंतर पुन्हा चिखल तुडवून वाफे बांधायचे. वर्षानुवर्षं! व्यर्थ श्रमाचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. तिथल्या माणसाच्या तोंडून दोन शब्द ऐकावेत, ते सभेत सांगावेत, म्हणून मी वहिनीच्या चुलतभावाकडे, पांडूभाऊकडे गेले.

पांडूभाऊ दारात टेम्पो धूत होता. मी विचारलं, दर वर्षी सगळं वाहून गेल्यावर पुन्हा उभं करताना तुमच्या मनात काय येतं?

"मिठागर व्हय? ते कवाच बंद केलं," तो म्हणाला. "आमी पण पाकिटातलंच आणतो आता. खडे नसतात त्यात."

मी वही बॅगेत टाकली. निघताना तो मागून म्हणाला, "सुगीला सांग, ती म्हणाली तसंच झालं. टेम्पोचं कंत्राट गेलं. जरा पण वाईट नाय वाटलं. रडून आधीच झालेलं ना."

म्हणजे मी एस. टी. बदलून, उन्हात चालत खाडीपर्यंत गेले आणि परत काय आणलं, तर वहिनीला निरोप.

* * *

पण खरा घाव पुढे होता. एके दिवशी पडवीत पारूमावशी गुडघे धरून कण्हत होत्या. वहिनी कुटता कुटता म्हणाली, "न जन्मलेल्याचा गुडघा दुखत नाय, मावशी. आपण दोघी फसलो."

निर्मला इतकी हसली की तिचा पापड फाटला.

मी मधल्या दारात उभी होते. ते वाक्य माझं होतं! माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण होतं ते, तळटिपांसकट. मी पुढच्या खोलीत मांडलं तेव्हा दादा झोपला होता. वहिनीने त्याला गुडघा जोडला आणि ते चाललं.

चाललं म्हणजे किती? आठवड्याभरात मी बाजारात गेले. भाजीवाली उन्हाने वैतागली होती. मी सहज म्हटलं, फार ऊन आहे नाही आज. ती म्हणाली, "न जन्मलेल्याला ऊन नाय लागत, ताई. आपण फसलो." माझा दोन वर्षांचा प्रबंध तिने मलाच ऐकवला आणि वर कोथिंबिरीची काडी दिली.

घरी येऊन मी वहिनीला म्हटलं, निदान कुठे ऐकलंस ते तरी सांगत जा. तिने सरळ विचारलं, "कोणाला सांगू? भाजीवालीला?"

त्या रविवारी मी मधलं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे मोठ्या आवाजात बोलले. पडवीतून वहिनीचा आवाज आला, "हळू गो मुक्ते. मावशी दचकतात, पापड जाड होतोय त्यांचा."

* * *

आणि एक दिवस मला फोन आला! रोह्याहून, म्हणजे पुलापलीकडच्या अष्टमीहून. तिथल्या महिला मंडळाला जीवन-मरणावर कोणीतरी बोलायला हवं होतं. पेणमध्ये अशा एक ताई आहेत असं कळलं, म्हणाल्या. मी दादाला फोन दाखवला. पडवीत जाऊन पारूमावशींनाही, त्यांनी विचारलेलं नसताना, सांगून आले. वहिनी म्हणाली, "बस चुकेल बघ तुझी." आणि डब्यात भाकरी बांधून दिली.

बस चुकली नाही. रोह्याला उतरले, पुलावरून चालत अष्टमीत गेले. खाली कुंडलिका नदीचं पाणी संथ होतं, मी मनात वाक्यं जुळवत होते. मंडळाचा हॉल भरलेला. सतरंजीवर बसलेल्या इतक्या बायका पाहून मी त्या दोनदा मोजल्या. मी जीव ओतून बोलले. एकही जण उठली नाही. टाळ्या झाल्या. अध्यक्षीणबाईंनी मला गुलाबाचं फूल दिलं, माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं.

मग माइक हाताने झाकून त्यांनी मला हळूच विचारलं, "छानच बोललात. पण त्या 'आपण फसलो'वाल्या ताई कधी येतील? बायका त्यांच्यासाठी थांबल्यात."

* * *

सीझन संपत आला. आकाश भरून यायला लागलं आणि पडवीत शेवटच्या पिठाची घाई सुरू झाली. माझ्या सभेला एकूण बरीच माणसं येऊन गेली होती. दुसऱ्यांदा कोणीही आलं नव्हतं. मी हरले होते. सोमवारी सकाळी सरांचा फोन येणार होता आणि मी त्यांना 'येते' म्हणणार होते. दादाला तसं, माझ्या अटीसकट, सांगूनही ठेवलं, तेव्हा वहिनी ताटं वाढत होती.

त्याच आठवड्यात एक गंमत माझ्या लक्षात आली. वहिनीच्या दुकानात मंदी आली होती. ती कोणाचं वाईट सांगेना. निर्मलाच्या नवऱ्याची बदली होणार होती, तिने नेहमीसारखं विचारलं, "वहिनी, काय होईल हो?" वहिनी म्हणाली, "बघू. होईल नीट." निर्मला घाबरूनच गेली. पारूमावशींनी वहिनीच्या कपाळाला हात लावून बघितला.

मला मनातून बरं वाटलं. जाता जाता का होईना, तिचंही दुकान बसलेलं मी पाहत होते.

शेवटच्या रविवारी मी खुर्च्या मांडल्या नाहीत, एकावर एक रचायला घेतल्या. दादा ड्यूटीवर होता. तेवढ्यात वहिनी आली. हाताला पीठ तसंच. तिने मधलं दार लावून घेतलं, माझ्या हातातली खुर्ची काढून घेतली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. या वेळी कडेला नाही, नीट टेकून.

"दुसऱ्यांदा आले मी," ती म्हणाली. "मोज."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

"त्या दिवशी म्हणालीस, न आलेलंच बरं. ते खरं हाय, का नुसतं पुस्तकात?"

"तसं एक मत आहे, वहिनी. पण त्याला उत्तर देणारेही…"

"मतं नको. तू सांग." तिने दाराकडे एकदा बघितलं. "काल दवाखान्यात जाऊन आले. हाय म्हणाली डॉक्टरीण."

दोनदा दादाने हैदराबादला फोन करून मला सांगितलं होतं, 'मुक्ते, आत्या होणार तू.' दोन्ही वेळा पलीकडे पेढ्यांचा बॉक्स उघडल्याचा आवाज आला होता. दोन्ही वेळा त्यानंतर त्याने तो विषय काढला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं.

मी तिला मिठी मारायला पुढे झाले.

"बस खाली. आनंद नको मला."

"दादाला सांगितलंस?"

"त्याला सांगितलं की पेढे आणेल तो."

"आणि पडवीत?"

"त्या नवस बोलतील." ती हातावरचं वाळलेलं पीठ खरवडत होती. "सगळ्यांचं वाईट मी सांगते, मुक्ते. माझं कोण सांगणार? तू तेच शिकून आलीयस ना? सांग."

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत तीन प्राध्यापक समोर होते, तेव्हा माझा आवाज कापला नव्हता.

"राहणार नाही कदाचित," मी म्हटलं.

"मग?"

"मग तू महिनाभर नुसती पीठ कुटशील. कोणाशी बोलणार नाहीस."

"मग?"

"मग मी बोलेन तुझ्याशी."

"तू हैदराबादला असशील."

मी रचलेल्या खुर्च्या सरळ करायला लागले. तिने ते तिथेच सोडून दिलं.

"आणि राहिलं तर?" तिने विचारलं.

"राहिलं तर जन्मभर काळजी. ताप, दात, शाळा. बारावी."

"मग?"

"मग ते तुझ्यासारखं बोलायला लागेल."

वहिनी हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तिने पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं आणि बराच वेळ ते हात काढले नाहीत. पडवीतून पारूमावशींनी हाक मारली, "काय गो चाललंय आत?"

"मुक्ताचं भाषण," वहिनीने तोंड झाकूनच उत्तर दिलं.

मग डोळे पुसून उठली. नाकावर, गालावर पीठ लागलेलं होतं. दाराशी जाऊन म्हणाली, "उद्या शेवटचं कुटायचंय. पीठ जास्त हाय."

सोमवारी सकाळी पडवीत गेले तेव्हा उखळात पीठ पडलेलं होतं. वहिनी पदर खोचत होती. ती वाकायच्या आत मी मुसळ उचललं.

"आजपासून कुटायचं काम माझं," मी म्हटलं.

लाटणी थांबली. निर्मला वहिनीकडे बघायला लागली. मुसळाला हात लावला म्हणून आता काय होतंय, असा तिचा चेहरा.

"का गो?" पारूमावशी म्हणाल्या. "पुढचं दुकान बंद केलंस का?"

"नाही, चालू आहे. रविवारी असतेच मी. एक माणूस नेमाने येणार आहे."

"कोण?" निर्मलाने विचारलं.

मी तिला सांगितलं नाही. पुढच्या खोलीत माझा फोन वाजत होता. सरांचा असणार. मी मुसळ घातलं, ते पिठात न बसता उखळाच्या काठावर आपटलं. दुसऱ्यांदा घातलं.

वहिनीने उखळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"जमणार नाय तुला," ती म्हणाली, आणि पाट ओढून बाजूला बसली.